झोपलेल्या भट्टीवाल्याचा भाव

किल्लीताईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लाकडी फळी, तिच्यावर किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि मागे एक जाड पडदा. पडद्यापलीकडे नवरा झोपलेला. यंत्र किंचाळायला लागलं की गिऱ्हाईक कानांवर हात ठेवायचं, पण पलीकडे ढिम्म! "आत कोणी आजारी आहे का हो?" असं एखाद्यानं पडद्याकडे बघत हळूच विचारलं, की ताई म्हणायची, "नाही हो, माझा संसार झोपलाय." आणि स्वतःच हसायची.

नवरा बेकरीत रात्रीच्या भट्टीवर. सकाळी तो दारातून आत यायचा तेव्हा ही शटर वर ढकलत असायची, आणि संध्याकाळी हिनं शटर खाली ओढलं की तो बुटाच्या नाड्या बांधायला बसायचा. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि नवराबायकोचं बोलणं "दूध संपलंय", "गॅसवाला येऊन गेला", "छत्री घ्या" एवढ्यावर भागत होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याच्या शरीराला दिवस उजाडलेला कळत नसे. जेवता जेवता पेंगायचा बिचारा. भांडण म्हणाल तर एकही नाही. अहो, भांडायलासुद्धा दोघं जागी लागतात!

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती पडदा सारून आत जाऊन बसायची. खिडकीच्या काचांना चिकटवलेल्या तपकिरी कागदातून उजेड गाळून यायचा आणि सगळ्या खोलीला तोच रंग चढायचा. त्यात तो पसरलेला. उजवा हात पलंगाखाली लोंबणारा, तोंड किंचित उघडं, पापण्यांच्या केसांवर पीठ. आंघोळ करूनही ते पीठ कसं राहायचं कोण जाणे. त्याचा श्वास ऐकता ऐकता तिला वाटायचं, खोलीचा दोर सुटलाय आणि पलंग, कपाट, आपण दोघं, सगळंच सावकाश कुठंतरी वाहत चाललंय. त्या तंद्रीत ती त्याच्याशी मनातल्या मनात खूप बोलायची. त्याची उत्तरंही तीच ठरवायची, त्यामुळे तो फार छान बोलायचा.

अशाच एका दुपारी तिनं त्याचा फोटो काढला होता. तो लावला कामाला तिच्या नणंदेनं. नणंद टपाल कार्यालयात पार्सलांच्या खिडकीवर, आणि छोट्या छोट्या बाहुल्या जमवायचा तिला भारी नाद. लांबच्या कुठल्या गावात दोघी बहिणी चिनी मातीची अंगठ्याएवढी माणसं करणार होत्या, सगळी झोपलेली. पुस्तकावर मान टाकलेली ग्रंथपाल, गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत घोरणारा न्हावी, गळ्यात फीत अडकवलेला शिंपी, असं अख्खं गाव. लोकांनी आधी पैसे भरायचे आणि पुरेसे जमले की वस्तू घडणार. "याला क्राउडफंडिंग म्हणतात, वहिनी," नणंदेनं समजावलं. थोडे जास्त भरले तर आपल्या माणसाचा फोटोही पाठवता येत होता, त्यातला एक निवडून त्याची बाहुली होणार होती. ताईनं पैसे भरले, त्या दुपारचा फोटो पाठवला, आणि निवडला गेला तो आमचा भट्टीवाला.

मग वाट बघणं सुरू झालं. असल्या कामांना उशीर हा ठरलेलाच. दर थोड्या दिवसांनी बहिणींची मेल यायची: मातीला तडे गेले, भट्टी बिघडली, जरा थांबा, आणि जादा नग हवे असतील तर खालचा फॉर्म भरा. किल्लीताईला वाटायचं, फॉर्म भरला नाही तर आपलं नाव गळेल. कुलूप लागलं तरी दोनदा ओढून बघणारी बाई ती! नवऱ्यासाठी एक, नणंदेसाठी एक, आपल्यासाठी एक, म्हणून तिनं दर वेळी "भट्टीवाला, तीन नग" लिहिलं. दर वेळी थोडे पैसेही जायचे, तर तिला वाटलं हप्ता असेल. आणि शेवटी पार्सल आलं तेव्हा एका पेटीत अख्खं गाव, आणि दुसऱ्या खोक्यात, कापसाच्या थरांत, चोवीस नवरे.

नणंद खाली बसून पोट धरधरून हसली. "वहिनी, एक सांभाळता येईना आणि दोन डझन मागवलेस?"

ताईलाही हसू आलं, पण अर्धवट. कारण त्याच आठवड्यात बेकरीच्या मालकानं भट्टीवाल्याला विचारलं होतं, दिवसपाळीला येतोस का? पगार थोडा कमी, महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत सांग. त्यानं बुटाची नाडी बांधता बांधता हिला विचारलं, "तुझं काय मत?" आणि बारा वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न समोर आल्यावर ही बया म्हणाली, "तुमची मर्जी." तिला वाटलं, आपण हो म्हणायचं आणि यांना मनातून नको असलं तर? त्याला वाटलं, हिला एकटीची सवय झाली. दोघंही शहाणी! शनिवार जवळ येत होता आणि घरात त्यावर चकार शब्द निघत नव्हता.

जादा नग विकायचे ठरले. नणंदेनं तिला ही गावं जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं आणि तिथली रीत सांगितली. ज्यांनी आधी पैसे भरलेत पण ज्यांचा नग फुटका निघाला, त्यांना मूळ किमतीत द्यायचं. बाकीच्यांशी घासाघीस करायला हरकत नाही. ताईनं मुकाट्यानं लिहिलं: भट्टीवाला, दोनशे.

संध्याकाळी नवऱ्यानं तिचा फोन हातात घेतला, ग्रुपवर इतरांनी टाकलेले भाव खाली वर सरकवून बघितले आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "शिंप्याला चारशे आणि मला दोनशे?"

"मूळ किंमत आहे हो ती!"

"तो शिंपी बघ. नुसता कलंडलाय. त्याला काय झोप म्हणतात?"

बऱ्याच दिवसांनी दोघं एकाच वेळी हसली. त्याला उशीर झाला, तो धावतच गेला.

पण भाव चढला, आणि तो त्या लोंबत्या हातामुळे. प्रवासात बहुतेकांच्या भट्टीवाल्याचा हात मनगटातून तुटला होता. ताईचे सगळे कापसात नीट आलेले. ज्याला त्याला अखंड हाताचा भट्टीवाला हवा झाला. ज्यांचा तुटला होता त्यांना तिनं ठरल्याप्रमाणे दोनशेला दिले, पण बाकीचे पाचशे, सातशे, हजार करत वर गेले. नणंद म्हणाली, "दोन ओळी लिही गं त्याच्याबद्दल, लोकांना आवडतं." मग ताईनं लिहायला घेतलं आणि तिला थांबताच येईना. हा हात असाच सोडतो. कुशीवर वळताना आधी सुस्कारा टाकतो. हाक मारली तर उठत नाही, पण कपाळावर हात ठेवला तर झोपेत हसतो. अनोळखी लोक विचारत गेले, ती सांगत गेली. नणंदेच्या खिडकीतून एकेक डबी रवाना झाली, की दुपारच्या त्या तपकिरी उजेडात तिला ती सगळी घरं दिसायची. कुठं फडताळात, कुठं खिडकीत, कुठं दिव्याखाली तिचा नवरा झोपलाय, आणि घरोघर कुणी अनोळखी बाई त्याच्यासाठी पावलं न वाजवता चालतेय. सुख वाटायचं तिला, आणि मग उगाच ती त्याचा लोंबता हात उचलून पलंगावर ठेवायची.

त्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी तिनं आत येऊन बघितलं, तर तो पलंगाच्या कडेवर बसून तिच्या फोनवर तिनं लिहिलेलं वाचत होता.

"मी हसतो?" त्यानं विचारलं.

"हसता."

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही झोपलेले असता ना."

त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं. मग फोन उशीवर ठेवून उठला. "छान लिहिलंयस. एवढं प्रेमानं माझ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. पण यातला जागा माणूस कुठं आहे गं? जगाला झोपलेलाच हवाय, आणि तुलाही तोच बरा. जाऊ दे. मी मालकाला उद्या नाही म्हणून सांगतो."

आणि गेला. अनोळखी माणसांना पानं पानं लिहिणारी बाई, दारात उभी राहून "अहो" एवढंच म्हणू शकली. तेही तो वळणापलीकडे गेल्यावर.

आपलीच चीड आली तिला. खोक्यात एक नग उरला होता आणि गावाच्या पेटीतला एक. दोन्ही तिनं फळीवर ठेवले आणि बघत बसली. किती आयतं होतं सगळं! हा उत्तर देत नाही, हा कंटाळत नाही, याला "राहा ना घरी" असं म्हणावं लागत नाही. झोपलेल्या माणसावर प्रेम करायला धीर लागत नाही. आणि तिनं बारा वर्षं तेवढंच केलं होतं.

तिनं नणंदेला फोन लावला. "उरलेले दोन्ही देऊन टाकूया. तुटका हात आलेल्यांपैकी जे थांबलेत त्यांना. मूळ किमतीत."

"वेडी आहेस का? एकाला अडीच हजार येतील! आणि तुला ठेवायचा नाही?"

"नाही. सकाळी कामावर जाताना घेऊन जा."

सकाळी नणंद दोन डब्या घेऊन गेली आणि पाठोपाठ तो आला. शटर अजून खालीच होतं. दुकानाच्या फळीवर रिकामं खोकं, शेजारी गावाची पेटी, आणि शिंप्याच्या न् न्हाव्याच्या मधे एक खळगा. त्यानं त्या खळग्यात बोट घालून बघितलं.

"सगळे गेले?"

"सगळे."

"पेटीतलासुद्धा? एक तरी ठेवायचास गं."

या वेळी ताईनं वाक्य गिळलं नाही. "मला झोपलेला नकोय. झोपलेला मी पोटभर बघितला. मला जागा हवाय. चिडा, भांडा, गाऱ्हाणी सांगा, नाहीतर नुसते बसा, पण रोज संध्याकाळी माझ्याबरोबर जागे राहा. पगार कमी तर कमी. हे मी त्या दिवशीच म्हणायला हवं होतं, घाबरले." आणि मग रडूच आलं तिला.

तो तसाच उभा राहिला. पापण्यांवर पीठ, डोळे तांबारलेले. "मी मालकाला अजून काहीच सांगितलं नाही," तो म्हणाला. "रात्रभर सांगतो सांगतो म्हणत पाव काढत राहिलो." तिथूनच त्यानं मालकाला फोन लावला आणि हो म्हणून टाकलं.

मग तो फळीपाशी स्टुलावर बसला. झोपायला गेला नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसली. शेवटी ती उठली, आधण ठेवलं, कप काढले. चहा तो नेहमी बेकरीतच प्यायचा. डब्याचं झाकण उघडून चमचा हातात धरला आणि ती तिथंच अडली.

"अहो," तिनं आतून विचारलं, "तुम्हाला साखर किती लागते?"