आवाज दिलेला नसताना

नापास होण्याचं कारण आधीपासून ठाऊक असूनही दर खेपेला नवा शर्ट शिवून परीक्षेला जाणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो अभ्यासवर्गात माझ्या शेजारच्या बाकावर बसत असे. कान तपासणाऱ्या आणि वाचेवर उपचार करणाऱ्या आम्हा लोकांना स्वतःच्या सहीनं रिपोर्ट द्यायचा, तर पदवीनंतर नोंदणीची परीक्षा द्यावी लागायची. एक दिवस लेखी, एक दिवस प्रात्यक्षिक. वर्गात आम्ही सगळी पंचविशीच्या आतबाहेरची, आणि मधोमध हे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. नगरच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे त्यांनी पंचवीस वर्षं तपासणीचं मशीन चालवलं होतं आणि नोकरी सांभाळून उशिरा पदवी घेतली होती. आम्ही त्यांना 'काका' म्हणायचो. लेखीत काका आमच्या सगळ्यांच्या वर, प्रात्यक्षिकात मात्र दोनदा नापास. "यंदा कापड बदललंय," शर्टाची बाही माझ्या कानाजवळ चोळून ते म्हणाले, "बघ, सळसळत नाही. मागच्या वेळी पेशंटपेक्षा शर्टच जास्त बोलत होता."

काकांबरोबर चहा प्यायला जाणं हे धाडसाचं काम होतं. बोलता बोलता ते मध्येच बोट वर करत, मान किंचित तिरकी करत आणि म्हणत, "थांब." आपण थांबायचं. चहावाला थांबायचा. शेजारच्या बाकावरची अनोळखी माणसंसुद्धा हातातला पाव हातातच धरून थांबायची. मग काका मान सरळ करत. "गेलं," म्हणत, आणि बशीत चहा ओतत. काय गेलं, ते कधी सांगत नसत. मी एकदा हट्टानं विचारलं, तर म्हणाले, "अगं, कळलं असतं तर जाऊ दिलं असतं का?" दुसरी खोड अशी, की समोरच्याला कळू न देता ते त्याचा कान तपासत. तोंडासमोर फाईल धरायची, ओठ दिसू द्यायचे नाहीत आणि वाक्यागणिक आवाज उतरवत न्यायचा. अर्धवट ऐकून मान डोलावणारा माणूस त्यांना चटकन कळे. अशानं त्यांनी चहावाल्याचा डावा कान पकडला, दोन कंडक्टर पकडले आणि वर्गात ध्वनिशास्त्र शिकवायला येणारे सरसुद्धा पकडले. सर पुढं आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

एका शुक्रवारी ते मला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात घेऊन गेले. गोंगाटात एकच आवाज निवडून ऐकायचा सराव म्हणे. तिथं एका देखण्या गाईच्या मानेशी उभं राहून त्यांनी दोन्ही कानांजवळ चुटक्या वाजवल्या आणि मालकाला गंभीरपणे सांगितलं, "तुमची गाय ठार बहिरी आहे." मालकानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गाय दूध काढायला हाय, का कीर्तन ऐकायला?" तो म्हणाला. बाजार हसला. काका हसले नाहीत. ते गाईकडे बघत होते, कारण तेवढ्यात तिनं एकदम मान वळवून मागं, जिथं कुणीच नव्हतं तिथं पाहिलं होतं. "बघितलंस?" काका हलक्या आवाजात म्हणाले. 

अभ्यासाची त्यांची तऱ्हाही निराळी. आम्ही वह्या रंगवायचो, काका प्रश्न मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवत. एक प्रश्न, मग उत्तर मनात म्हणण्यापुरती शांतता, मग पुढचा प्रश्न. त्यातलं एक रेकॉर्डिंग त्यांनी मला पाठवलं. दुपारी जेवून मी हेडफोन लावून ऐकत बसले. सातव्या प्रश्नानंतरच्या शांततेत कुणीतरी उत्तर दिलं. अगदी हळू, घाई नसलेला बायकी आवाज. काकांचा नव्हे. मी चार वेळा मागं नेऊन ऐकलं आणि मग त्यांना फोन केला. "काका, रेकॉर्ड करताना खोलीत कोण होतं?" ते म्हणाले, "मी एकटाच. का गं?" मी सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, "उत्तर बरोबर होतं का?"

उत्तर बरोबर होतं.

तपासणीची ध्वनिरोधक केबिन म्हणजे लाकडी कपाटाएवढी खोली. जाड दार, आतून गादीसारख्या भिंती, एक खुर्ची. पेशंट कानाला हेडफोन लावून आत बसतो. बाहेरून आपण बारीक आवाज देत जायचे. ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं, की बाहेर मशीनवर लाल दिवा लागतो. काका आपला डबा त्या केबिनमध्ये बसून, दार लावून खात. एकदा त्यांनी मलाही दहा मिनिटं आत बसवलं. आधी कान भरून आल्यासारखे झाले. मग स्वतःचं गिळणं ऐकू आलं, मानेतली कुरकुर ऐकू आली. आणि मग, बोलायच्या आधी माणूस श्वास आत घेतो ना, तसा एक श्वास, माझ्या अगदी जवळ. मी दार ढकलून बाहेर पडले. कुणीही विचारलं असतं, काय झालं? काकांनी विचारलं, "कोण होतं?"

ते नापास होत ते या केबिनपायीच. आवाज दिलेलाच नसताना पेशंटनं बटण दाबलं तर काय करावं, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. पुन्हा नीट समजावून सांगा, तरी तेच झालं तर प्रतिसाद भरवशाचा नाही अशी नोंद करून पुढं चला. काका पुढं जात नसत. ते तपासणी थांबवून दार उघडत आणि विचारत, "काय ऐकलंत?" वेळ संपे, तपासणी अर्धी राही. "काका, पुस्तकातलं करा ना एकदा," मी प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. कारण डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं की आता नोंदणी नसलेला माणूस मशीनवर बसवता येणार नाही. ही शेवटची खेप.

तेव्हा त्यांनी मला पाथर्डीकडच्या एका शिबिरातली गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वीची. ऊसतोडीला जाणारा एक माणूस तपासायला आला होता, आणि आवाज नसताना सारखा बटण दाबत होता. बाहेर रांग लागलेली. काका त्याच्यावर खेकसले, "नीट लक्ष द्या हो!" तो ओशाळला, कागद घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच गावात शिबिर होतं, तेव्हा त्याची बायको एकटीच आली. "त्यांना वावरात कुनीतरी हाक मारल्यागत व्हायचं," ती म्हणाली. "तेच तुमाला सांगाया आल्ते ते." मग एक दिवस खुरपं खाली ठेवून तो त्या हाकेमागं चालू लागला. बांधापर्यंत लोकांनी पाहिला. पुढं कुणालाच दिसला नाही.

"मी विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं," काका म्हणाले. 

प्रात्यक्षिकाला जोड्या लावल्या होत्या. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं नोंदी करायच्या, मग अदलाबदल. मला आणि काकांना एकत्र टाकलं. माझा पेशंट होता एक निवृत्त पोस्टमन, टपाल वाटावं तशी नेमकी बटणं दाबणारा. माझं वेळेआधी आटोपलं. काकांच्या वाट्याला अकोले तालुक्याच्या डोंगरातली एक आजी आली. बारीक, ताठ, आणि खुर्चीत बसण्याआधी मागं वळून पाहणारी. पहिलेच दोन आवाज झाले, आणि मग काहीही दिलेलं नसताना लाल दिवा लागला. पुन्हा लागला. पुन्हा. परीक्षक बाई करड्या होत्या, पण अन्यायी नव्हेत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी टेबलाखालून काकांच्या पायाला पाय लावला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि दार उघडलं.

"आजी, काय ऐकलंत?"

आजीनं आधी आमच्या तोंडांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माज्या मागं कुनीतरी चालतंय."

"कधीपासून?"

"वरीस झालं. रानातून येते तवा मागं असतंय. मी भरभर चालले की तेबी भरभर येतंय. मी थांबले की दमानं. वळून बगितलं, तर कुनी न्हाई. घरच्यांना न्हाई सांगितलं. म्हनतील, म्हातारीला लागीर झालं."

"आता आहे?"

"हाय की. हितंच हाय." तिनं मान न वळवता बोटानं उजव्या खांद्यामागं दाखवलं. परीक्षक बाईंची खुर्ची दोन बोटं मागं सरकलेली मी ऐकली.

काकांनी तिचे हेडफोन काढले, तिचं मनगट आपल्या हातात घेतलं आणि म्हणाले, "पाऊल वाजलं की बटण दाबायचं. प्रत्येक पावलाला." मग बटणाचा खटका ऐकत त्यांनी डोळे मिटले. खोलीत कुणी हलत नव्हतं. मशीन काहीच देत नव्हतं, आणि दिवा लागत होता. लाल, विझला. लाल, विझला. एका चालीत, न चुकता, कुणीतरी खरंच आमच्यातून चालत जावं तसा. मला वाटलं, आता तो थांबला तर कसं होईल? आणि नाही थांबला, तर?

काकांनी डोळे उघडले. "आजी," ते म्हणाले, "ही तुमची नाडी आहे. तुमचंच रक्त वाजतंय उजव्या कानात. मागं कुणी नाही."

 "म्हंजी मीच हाय व्हय मागं?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

घंटा झाली. तपासणीचा कागद जवळजवळ कोरा होता. परीक्षक बाईंनी मोठ्या हॉस्पिटलला द्यायची चिठ्ठी तिथंच स्वतःच्या हातानं लिहिली, आजीला दिली, आणि मग काकांच्या कागदावर लिहिलं: तपासणी अपूर्ण. दोन्ही लिहिताना त्यांचा हात सारखाच स्थिर होता. निकाल लागला. मी पास झाले, आणि महिन्याभरात डॉक्टरांनी काकांच्या जागी मला बोलावलं. पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसायला मला कसंसंच झालं. खुर्चीची उंची काकांच्या मापाची होती. ती आजी माझ्या वाट्याला आली असती, तर मी भरवशाचा नाही असं लिहून वेळेत मोकळी झाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. काकांनाही असणार. ते दुसऱ्या दिवशी आले, खुर्ची माझ्या मापाला खाली करून दिली आणि बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये जाऊन बसले. मग रोजच येऊ लागले.

पुढच्या खेपेला ते पास झाले, तेही सांगून टाकते. डॉक्टरांनी त्यांना आणखी एक संधी दिली असं नव्हे, ती त्यांनी स्वतःच घेतली. पेशंट शहाण्यासारखा वागला म्हणे, एकही बटण उगाच दाबलं नाही. "काही विचारायलाच मिळालं नाही," असं कुरकुरत ते पेढे वाटत होते. आता ते अकोले गावात एका खोलीत स्वतःचं मशीन लावून बसतात. फोन करतात, मध्येच गप्प होतात. मीही गप्प राहते.

पण मला आठवते ती त्याआधीची एक दुपार. आजी काकांचा पत्ता काढत एकटीच दवाखान्यात आली. कानाच्या पडद्यामागं रक्तवाहिन्यांची बारीक गाठ निघाली होती, ऑपरेशन नीट झालं होतं. माझ्याकडे तिनं पाहिलं न पाहिलंसं केलं आणि थेट बाकावरच्या काकांशेजारी जाऊन बसली.

"आता येत नाही ना आवाज?" काकांनी विचारलं.

"न्हाई. समदं बंद झालं. खरं सांगू का? रानातून येताना लई सुनं वाटतं आता. वरीसभर सोबत हुती."

 काकांनी तिला चहा पाजला. निघताना म्हणाले, "चला, स्टँडपर्यंत येतो." मी दारात उभी होते. आजी पुढं, काका चार पावलं मागं, असे ते रस्त्याला लागले. काकांच्या चपला फटक फटक वाजत होत्या, मुद्दाम वाजवल्यासारख्या. ती भरभर चालली की तेही भरभर, ती रेंगाळली की तेही सावकाश. कोपऱ्यापर्यंत मी बघत राहिले. आजीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.