भरतकामाच्या मशीनची केबल

आमच्या घरात कापड हाताळून पाहिल्याशिवाय घेत नाहीत. मुठीत चुरगळायचं, सोडायचं, उजेडात धरायचं, मग दुकानदाराकडे बघायचं. पिढ्यान्‌पिढ्या मैसूरमध्ये शिवणकाम करणाऱ्यांची ही खोड माझ्यातही उतरली आहे. मी ती कंप्युटरवर भागवतो. मी लिनक्सवाला, म्हणजे विंडोजऐवजी जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली फुकट प्रणाली वापरणारा. लॅपटॉप घ्यायचा तर खिशात पेन ड्राइव्ह घेऊन जातो, दुकानातच त्यावरून लिनक्स सुरू करतो. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडलं की पडदा जागा होतो का, सगळं बघतो. मैसूरच्याच हूटगळ्ळी भागातल्या एका दुकानदाराने मला हात जोडून बाहेर काढलं होतं. बायको याला माझं खूळ म्हणते.

तिचं खूळ म्हणजे भरतकामाचं मशीन. लग्नानंतर आमच्याकडे तिला साड्यांच्या फॉल-पिकोला बसवलं होतं. तिने हट्टाने कुणाचं तरी जुनं मशीन आणलं, कंप्युटरवर मोरांची नक्षी काढायला शिकली, आणि बघता बघता लोक आमच्या शिवणाच्या दुकानात तिला विचारत येऊ लागले. 'मोरवाल्या बाई आहेत का?' हे ऐकलं की ती उगाच धागा शोधायला खाली वाकायची. लाजायची, दुसरं काय.

मग तिचा कंप्युटर बंद पडला. नव्या कंप्युटरला मशीनची जुनी, रुंद पिन बसेना. मधे जोडायची एक केबल मिळते, ती बायको स्वतः बाजारातून घेऊन आली. निवडली मात्र आमच्या पद्धतीने: बोटांनी दाबून, वजन बघून, पीळ पडतो का ते तपासून. केबल खरोखरच देखणी होती. आतली चिप मात्र नकली निघाली. केबल चालवणारा चिपच्या कंपनीचा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजमध्ये असतो; त्याने ते हेरलं आणि साफ सांगितलं, ही आमची नाही, चालवणार नाही. मशीनच्या कंपनीच्या विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, एवढ्या जुन्या मशीनला आता कुणी विचारत नाही, नवीन घ्या.

तिने मशीनवर चादर टाकली. जवळच्या बन्नूर गावचा एक माणूस सुट्या भागांसाठी ते न्यायला तयार झाला, सोमवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "गेलं ते, अष्टे, एवढंच. सुम्ने, उगाच विषय काढू नका हो." आणि जेवताना आईला विचारलं, "अत्ते, फॉलच्या साड्या आहेत का काही?"

रविवारी दुपारी मी चादर काढली आणि माझा लॅपटॉप लावला. लिनक्सने केबल ओळखली. चिप नकली, तरी ओळखली! पण दुसऱ्या क्षणी जोडणी गायब. शोधलं तर कळलं की अंधांसाठी ब्रेलची उपकरणं चालवणारा एक प्रोग्राम आत असतो, त्याने आमच्या केबलला आपलं उपकरण समजून धरून ठेवलं होतं. वैताग यायला हवा होता, पण मला भरून आलं. न मागता, न सांगता कुणीतरी त्या लोकांचीही सोय आधीच करून ठेवली होती. तो प्रोग्राम थांबवला आणि जोडणी टिकली.

मग मी लिनक्समधल्या केबलच्या ड्रायव्हरचा मूळ कोड उघडून बायकोला दाखवला. चिपच्या कंपनीने नकली म्हणून झिडकारलेल्या तुकड्यांसाठीही कुणीतरी त्यात बसून ओळी लिहिल्या होत्या. त्या चुकल्या तिथे दुसऱ्याने दुरुस्त केल्या, तिसऱ्याने आपल्या घरच्या केबलवर चालवून बघितल्या.

"त्यांना काय मिळतं?" तिने विचारलं.

"काही नाही बहुतेक."

"मग करतात का?"

जगात कुठेतरी बसून आमच्या बाजारातल्या नकली केबलीचा विचार करणाऱ्या या माणसांबद्दल मला जेवढा आदर वाटतो, तेवढा फार थोड्या जणांबद्दल वाटतो.

नक्षी पाठवायचा छोटा प्रोग्रामही असल्याच कुणा हौशी माणसाने लिहिलेला सापडला. तिने रिंगमध्ये चिंधी ताणून बसवली. मी बटण दाबणार तोच तिने माझा हात बाजूला सारला. "मी करते. उद्या तुम्ही घरात नसलात तर मी कुणाची वाट बघू?"

खुर्ची सोडून मी मागे उभा राहिलो. तिने पाठवलं. सुई क्षणभर थांबली आणि मग धडधडत चालू लागली. चिंधीवर मोराची मान उमटली तशी स्वयंपाकघरातून आई येऊन दारात उभी राहिली. बायकोने सुईवरची नजर न काढता बन्नूरला फोन लावला आणि मोठ्याने, आईलाही ऐकू जाईल असं, म्हणाली, "बरबेडि. मिशिन केलसदल्लिदे." येऊ नका, मशीन कामात आहे. फोन ठेवला आणि ती रडली.