कपाशीच्या काड्यांचा नाताळ

नाताळच्या सकाळी जळगावला उतरलो तेव्हा बोचरी थंडी होती आणि स्टेशनबाहेरचा चहावाला सांताची लाल टोपी घालून उभा होता. टोपी कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, "कान झाकाय जातस ना, भाऊ!" नाताळचा अर्थ हरवत चालल्याचा हा पहिला पुरावा मी मनात टिपून ठेवला. मी ख्रिस्ती नाही, पण दुसऱ्यांच्या सणाची काळजी वाहायला मला फार आवडतं.

ऑफिसातल्या सॅम्युअलने धरणगावजवळच्या त्याच्या गावी बोलावलं होतं. बसने पोहोचेपर्यंत उपासना संपली होती. चर्चच्या अंगणात स्पीकर दणाणत होता आणि सांताक्लॉज दाढी सावरत नाचत होता. सॅम्युअलची आई, सगळ्यांच्या अक्का, एकेकाला गाठून सांगत होत्या, "चार वाजता गोठाजोडे (गोठ्याजवळ) प्रभूना जन्मनी गोष्ट सांगसू. बठ्ठा (सगळे) या बरं." तीन दिवस खपून त्यांनी गोठा उभारला होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं. "तुमच्यामुळेच सणाला अर्थ आहे, अक्का," असं त्यांना सांगून मी भरिताकडे वळलो.

खानदेशात हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. वास असा सुटला की मला धीर निघेना, आणि नेमक्या काड्या संपल्या. "मागे ढीग आहे," सॅम्युअल म्हणाला. मी उत्साहाने उठलो. चर्चमागे काड्या छान खोपटासारख्या रचलेल्या होत्या, आत थोडा कडबा पसरलेला. इथली माणसं जळणसुद्धा किती निगुतीने ठेवतात, याचं मला कौतुक वाटलं. तीन खेपांत मी सगळ्या काड्या आणून दिल्या.

कळण्याच्या पुऱ्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) आणि भरीत यांच्यावर मी आडवा हात मारत होतो, तेवढ्यात चार वाजले. अक्का कापडात गुंडाळलेली बाळाची मूर्ती घेऊन मागे गेल्या आणि तशाच परत आल्या. "गोठा कोठे शे?"

खरा ढीग कुंपणापाशी तसाच होता. "मी जाळला, अक्का," मी म्हणालो. कुणीतरी स्पीकर बंद केला.

अक्का राखेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. प्रभूले तव्हय बी जागा नही भेटनी."

त्यांनी निखाऱ्यांजवळची जमीन हाताने साफ केली, अंगावरची शाल अंथरली आणि बाळ तिच्यावर ठेवून गोष्ट सुरू केली. सांताने दाढी काढली आणि तो उकिडवा बसला. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. मला मात्र लाजेने मान वर करवत नव्हती.

परतीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका आबांनी माझ्या कपड्यांचा वास घेतला. "भरीत पार्टी व्हती का, भाऊ?"

"नाही, नाताळ होता."

"मंग काय करं नाताळमा?"

"भरीत खाल्लं," मी म्हणालो. त्याहून जास्त खरं सांगायचा धीर झाला नाही.