आईच्या पट्टीतलं गाणं

परवा आईचं वर्षश्राद्ध झालं. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरात वर्षभर साधा रेडिओही लागला नव्हता. आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर सण नाही, गाणं नाही... वर्ष पुरं झालं की गोडाधोडाचं करायचं आणि मग घर पुन्हा बोलायला लागतं.

बाबांनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, पहिलं गाणं लागेल ते कपाटावर.

कपाट म्हणजे आमचा जुना स्टिरिओ कन्सोल. बाबा बोटीवर नोकरीला होते, तेव्हा त्यांनी तो अमेरिकेहून आणला होता. सागवानी कपाटासारखा लांबलचक, दोन्ही बाजूंना स्पीकर, मधलं झाकण उघडलं की आत रेकॉर्ड प्लेअर. आमचा हॉल केवढा, तो केवढा... पण आईने सोफा घेऊ दिला नाही, कपाट हलवू दिलं नाही.

त्यावर एक जुनं भावगीत लागायचं. ध्रुपद आलं की आई असेल तिथून सूर लावायची. मासे साफ करत असली तरी. कडव्याला गप्प, ध्रुपदाला हजर! तिचा आवाज जाडसर, खर्जातला, पण त्या गाण्यात असा काही बसायचा की गायिका कोण आणि आई कोण, कळायचं नाही.

आणि हा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. मोबाईल समोर धरला की ती तोंडाला पदर लावायची. म्हणून बाबांचा हट्ट. "त्या गान्यान तिची जागा हाय गं बाय," ते म्हणाले, "गानं लागलं का मना ती आयकू येते."

पण कपाट कधीचं बंद पडलेलं. आतलं रबरी चाक वाळून दगड झालेलं, मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली झिजलेली. मग सुरू झाली माझी वणवण. ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकले, तर लोकांचा एकच प्रश्न... विकायचंय का?

चेणे गावाच्या बाजूला जुन्या फर्निचरचं एक गोडाऊन आहे असं कळलं, तिथे गेले. असले कन्सोल तिथे रांगेने उभे! मला तर आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. जवळ जाऊन झाकणं उघडली, तर आत काचेचे ग्लास ठेवायचे कप्पे. हॉटेलवाले शोभेला नेतात म्हणे, आतली मशीनं केव्हाच भंगारात. इतकी माणसं ज्यांच्या भोवती बसून गाणी ऐकत असतील, त्यांचे नुसते सांगाडे उरलेले. घोडबंदर रोडला रिक्षा मिळेपर्यंत मी कुणाशी तरी भांडायच्या मूडमध्ये होते, पण भांडणार कुणाशी...

शेवटी पेणकरपाड्यात एक मेकॅनिक सापडला. बोलघेवडा, स्वतःवर भलताच खूश. त्याच्याकडे एका मोडक्या प्लेअरचं चाक आणि पुली निघाली. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तो घरी येऊन बसवून गेला, आणि जाताना म्हणाला, "मॅडम, अब एकदम करेक्ट स्पीड में चलेगा." वर्ष पुरं व्हायचं होतं म्हणून गाणं लावून बघितलं नाही, पण मी त्याला हजारदा थँक्यू म्हटलं.

परवा जेवणं झाली, पाहुणे गेले. बाबा धुतलेला सदरा घालून कपाटासमोर खुर्चीत बसले. मी रेकॉर्ड लावली, सुई टेकवली... आणि गाणं पळत सुटलं.

गायिकेचा आवाज बारीक, कोवळा, चढलेला. गाणं तेच, शब्द तेच. पण ध्रुपद आलं आणि गेलंसुद्धा. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "ह्ये आपलं न्हाय," एवढंच म्हणाले.

मेकॅनिकला फोन लावला. तो उलट समजावायला लागला. अमेरिकेतली वीज वेगळी, तिकडच्या हिशेबाने बनवलेली मोटर आपल्याकडे हळू फिरते. आमचं कपाट पहिल्या दिवसापासून गाणी संथ वाजवत होतं, त्याने आपल्या विजेला जुळणारी पुली बसवून ते दुरुस्त केलं! जुनी पुली? ती कापूनच काढावी लागली, भंगारात गेली.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीचं गाणं ऐकत होतो. संथ, खालच्या पट्टीतलं... आईला झेपेल असं. तेच गाणं रेडिओवर लागलं की ती हात झटकायची, "लय पलतं ह्ये," आणि आम्ही हसायचो. खऱ्या गाण्यात तिला शिरताच येत नव्हतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मला इतकं वाईट वाटलं की बाबांकडे बघवेना. त्यांनीच उठून सुई उचलली आणि झाकण लावलं.

मग पुन्हा खुर्चीत बसून ते स्वतःच गायला लागले. बाबांना मी जन्मात कधी गाताना ऐकलं नव्हतं. बेसूर, पण अगदी संथ, आमच्या कपाटाच्या चालीने. कडवं संपलं आणि ते थांबले. मला वाटलं दमले, मी पाणी आणायला उठले, तर त्यांनी मला हाताने खाली बसवलं. त्यांचं बोट मांडीवर ठेका धरत होतं. अख्खं ध्रुपद तसंच गेलं... आणि मग त्यांनी दुसरं कडवं उचललं.

आईचा सूर नक्की कुठे सुरू व्हायचा आणि कुठे संपायचा, हे आता फक्त बाबांना ठाऊक आहे... आणि बाबांचंही आता वय झालंय.