इंटरव्हलपर्यंतचा मार

छावणीतल्या आमच्या गल्लीत इंटरव्हलकाकांइतकी मारामारी कोणी पाहिली नसेल, आणि त्यांच्याइतकी कोणी टाळलीही नसेल. जुन्या रेक्झिनचा आणि शेंगांच्या टरफलांचा वास आजही मला त्यांच्या आवाजासकट येतो. थिएटरच्या अंधारात ते मोठ्याने समजावत, "हिरोनं इंटरव्हलपर्यंत नुसता मार खायला पाहिजे. बघणाऱ्याचं रक्त तापलं नाय, तर ठोसा हलका पडतो."

नव्या चित्रपटांतल्या नायकाला घाम येत नाही, याचा त्यांना संताप होता. खलनायकाला मात्र ते अदबीने वागवत. त्याचे भाषण संपेपर्यंत कोणी हात उचलू नये, हा नियमच. मधे कोणी खोकले, तरी वळून बघत.

हेच शास्त्र त्यांनी घरीही चालवले. चितेगावच्या शेतात त्यांचा धाकटा भाऊ दरवर्षी बांध सरकवत होता. काकू चिडल्या की काका म्हणत, "अजून इंटरव्हल व्हायचाय." साठी उलटली, तरी तो होईना.

अखेर धाकट्याने काकांच्या वाट्यात थेट कुंपणाचे खांब रोवले. काकू त्यांना अक्षरशः ओढत घेऊन गेल्या, सोबत मी. उन्हात धसकटांचा करपट वास दाटला होता. धाकटा खांबाला टेकून बोलू लागला: मातीत मी राबलो, दादा शहरात सिनेमे बघत बसला. भाषण लांबत गेले. काका जाणकाराच्या तृप्तीने मान डोलावत राहिले.

काकूंनी पदर खोचला आणि पहिला खांब हलवून हलवून उपटला. मातीने कोंडलेला श्वास सोडावा, तसा आवाज झाला. मग दुसरा.

"वहिनी, हे बरं नाय," धाकटा कसाबसा म्हणाला.

"भावजी, बोलून झालं का? मग तो कोपऱ्यातला धरा. लई जड हाय."

आणि त्याने तो धरला.

परतीच्या बसमध्ये काका बराच वेळ काकूंचे सोललेले तळहात बघत होते. मग म्हणाले, "टायमिंग चुकलं तुझं. त्याचं भाषण पुरं होऊ द्यायचं होतं."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. जमीन राहिली.

परवा काकूंच्या टीव्हीवर एक जुना मारधाडपट लागला होता. खोलीत निवडलेल्या मेथीचा कडवट, हिरवा वास. नायक बांधलेला, पाठीवर चाबूक. काकूंची नजर काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. बंद करू का, मी विचारले.

"राहू दे," मेथी उचलत त्या म्हणाल्या. "इंटरव्हल झाला की हाक मार. तोवरचं मी जन्मभर बघितलंय."