माझ्या रस्त्यातला ढेकूण

आमच्या टोळीचे नियम दोनच. पहिला नियम सरकारनं घालून दिलेला. वैनगंगेच्या पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे दारूबंदी. म्हणून जंगलात दिवसभर ताक, आणि बियर संध्याकाळी पूल ओलांडून ब्रह्मपुरीला परतल्यावरच. दुसरा नियम आमचा. दुसऱ्याच्या कामात जो चूक पकडेल, त्याला चूक करणाऱ्यानं बियर पाजायची. सॉफ्टवेअरमधल्या चुकीला जग बग म्हणतं, आम्ही ढेकूण म्हणतो. आपल्याच गादीतला आपल्याला दिसत नाही, चावतो मात्र सगळ्यांना, म्हणून.

आम्ही सहा-सात जण. ओपन सोर्सचं वेड आणि पायांना खाज, एवढंच सगळ्यांत सारखं. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला. टोळी जमवली ती भाऊंनी. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी सकाळची वंदना आटोपून विहारातूनच ते पाठीला पिशवी लावून निघायचे. भंगारात निघालेल्या मशीनमध्ये फुकटची, खुली प्रणाली घालून त्यांनी किती शाळांना दिली, ते त्यांनाही आठवत नसेल. "ज्याचं पोट उघडून पाहता येत नाई, ते आपलं कायचं?" असं ते म्हणायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे मला सरळच सांगितलं पाहिजे.

जंगलात चालायचं आणि चाललेली वाट सगळ्यांच्या खुल्या नकाशावर काढायची, हे आमचं काम. कुणीही काढावं, कुणीही दुरुस्त करावं असा तो नकाशा. धानोऱ्याकडच्या एका खेड्याला जायला डांबरी सडकेपासून लांबचा वळसा होता. जानेवारीत आम्ही तिथे गेलो, तेव्हा मला एक सरळ वाट सापडली. मधे कोरडा नाला, वाळूत बैलगाडीची चाकोरी. मी छाती फुगवून ती नकाशावर "जीपचा रस्ता" म्हणून काढली. त्या संध्याकाळी मीच सगळ्यांत जास्त बोलत होतो.

श्रावणातल्या एका रविवारी ब्रह्मपुरीला बसलो होतो. बाटल्या नुकत्याच उघडल्या होत्या आणि माझ्या फोनवर सूचना आली. नकाशावर माझ्या रस्त्यापाशी कुणीतरी शेरा लिहिला होता:

"हा रस्ता खोटा हाय. पावसात नाल्याले छातीभर पानी रायते. ड्रायव्हर नवा होता, नकाशा पाहून आला. दवाखान्याची जीप इथीच फसली. बाळंतपनाच्या बाईले खाटेवर टाकून आमी लंब्या वाटेनं नेलं. बाळ वाटेतच झालं. मी गावची आशा वर्कर."

मी दोनदा वाचलं आणि फोन भाऊंकडे सरकवला. मग परत ओढून घेतला, कारण मला तो रस्ता ताबडतोब पुसायचा होता. कुणाला कळायच्या आत.

"पुसशील, पन कोन काढला अन् कोन पुसला, ते बी तिथी दिसते," भाऊ म्हणाले. "अन् दिसालेच पायजे. लपवाचंच होतं तं खुल्या कामात काऊन आला?"

मला राग आला. तो त्यांचा नव्हता, पण काढायला दुसरं कुणी नव्हतं. बाटली तशीच ठेवून मी तो रस्ता बंद असल्याची नोंद केली आणि शेऱ्याखाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं: "चूक माझी आहे. आई आणि बाळ कशी आहेत?"

उत्तर बुधवारी आलं, बहुधा आशाताई धानोऱ्याला रेंजमध्ये आल्या तेव्हा. "येऊन पाहा. पान्यात या, उनात नोका येऊ."

बस, एवढंच. बाळ आहे की नाही, बाई आहे की नाही, काही नाही. त्या आठवड्यात लॅबमध्ये पोरांना काय शिकवलं, देव जाणे.

रविवारी भाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. आशाताई सडकेवर उभ्या होत्या. चाळिशीच्या, पाठीवर औषधांची पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला. नमस्काराला मान हलवली आणि आधी माझ्याच रस्त्यानं नेलं. नाला दिसला. मी चाललो होतो ती वाळू कुठेच नव्हती. लाल पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं आणि पलीकडच्या पळसाच्या बुंध्यावर, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर गाळ चिकटलेला होता.

"जानेवारीत कोरडा होता," मी म्हणालो.

"जानेवारीत सारेच कोरडे रायते, सर."

भाऊंनी त्यांना आमचा ढेकणाचा नियम सांगितला. पकडला तुम्ही, तेव्हा बियर तुमची. त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. "बियर तुमी ठेवा. मले शेरा तेवढा येते, नकाशावर लिवनं शिकवा." तिथेच छत्रीखाली मी त्यांना शिकवलं. माझ्या "जीपचा रस्ता" या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी लिहिलं, "बैलगाडीची वाट. दिवाळीपरेंत पानी." माझ्यापेक्षा किती नेमकं लिहिलं बाईनं. आज आमच्या टोळीत सगळ्यांत जास्त ढेकूण त्याच पकडतात आणि त्यांची बियर आम्ही ताकात चुकवतो.

मग लांबची वाट. चिखल, बांबूची बेटं, दोन चढ. त्या पुढे, आम्ही मागे धापा टाकत. अर्ध्यात एका मोहाच्या झाडाखाली त्या थांबल्या. "इथी खाट ठेवली होती," म्हणाल्या आणि चालू लागल्या. बाळाचं काय झालं ते विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं. चौघांनी खाट उचलून ही वाट कशी पार केली असेल, हे माझ्या पायांना आत्ता कळत होतं.

गावात पोचलो. एका ओसरीवर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. ते हललं.

"हे ते सर," आशाताई तिला म्हणाल्या. "नकाशावाले."

मी हात जोडले. तिनं माझ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आमच्या चिखलानं भरलेल्या पँटी पाहिल्या.

"चालत आले?" तिनं विचारलं.

"हो."

"बसा. चा मांडतो." ती उठली. चूल पेटवायला तिला हात मोकळे हवे होते, म्हणून तिनं बाळ माझ्याकडे दिलं.