पुढची रिकामी रांग

मेलेली माणसं घरी येतात त्या भुतांच्या महिन्यात मलेशियातल्या आमच्या ताइपिंगला देवळासमोर पूर्वजांसाठी सिनेमा लावतात. पुढची रांग त्यांची, तिथे जिवंत माणूस बसत नाही. पडद्याचे खांब मी रोवायचो, प्रोजेक्टर तिओ किम स्वी चालवायचा. दोरी जरा सैल दिसली की तो पुन्हा बांधायला लावी.

त्या वर्षी त्याला नात बी चिनने काढलेला पहिला सिनेमा लावायचा होता. तिला वाढवणारी त्याची बायको आता त्या पुढच्या रांगेत होती. पण सिनेमा मलाय भाषेत होता. देवळाचे प्रमुख खोरशेठ अडून बसले.

"स्वी, आपली माणसं चीनमधून आलेली. मलाय सिनेमा लावून त्यांना हाकलतोस काय?"

"शेठ, तुमचे वडील जन्मभर बाजारात मासे विकायचे. गिऱ्हाइकांशी काय चिनीत भांडायचे?"

"मलायमध्येच. शिव्यासुद्धा."

"मग मेल्यावर विसरले काय?"

बी चिनने हसू दाबलं. खोरशेठनी तिच्याकडे पाहिलं, उदबत्त्या पेटवल्या आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे वाकून आमच्या होक्कियन या चिनी बोलीत म्हणाले, "बाबा, सिनेमा मलाय आहे, पण पोरगी आपलीच आहे. बघून घ्या."

किम स्वीने प्रोजेक्टर सुरू केला.